उज्ज्वला आली, तरी धाराशिवची चूल विझली का नाही?

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. पण सिलिंडरमागे ३०० रुपयांचं अनुदान २०२५-२६ मध्ये वर्षाला बारावरून नऊ सिलिंडरवर आलं. तेही आधी पूर्ण पैसे भरल्यावर खात्यात जमा होतं. त्यामुळे धाराशिवच्या खेड्यांत अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं.

सरपण कुठलं? तुऱ्हाट्या भुर्रकन जळतात. मग आधार वेड्या बाभळीचा. परदेशी, काटेरी, बदनाम. पण बुडातून तोडली तरी खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. ना रोप, ना पाणी. सुबाभूळही अशीच फुटते, शिवाय पाला शेळ्यांना होतो. (शेंगा वाळण्याआधी तोडावी, नाहीतर रानभर पसरते.) बांधावर लावून दरवर्षी एकेक ओळ तोडली, तर बायकांची पायपीट वाचेल. अडचण एकच: भूमिहीनांना बांधच नाही. त्यांच्यासाठी उरतं गायरान.