शेण दिसते, शाई दिसत नाही

सोनी मराठीवरची ‘सावित्रीजोती’ ही मालिका आम्ही एव्हरशाईन सिटीतल्या घरी आवडीने पाहत होतो. २०२० सालच्या डिसेंबरात ती बंद झाली, त्याचे वाईटही वाटले. तरी आमची तक्रार आहेच. सावित्रीबाईंवर मालिका निघो वा चित्रपट, पडद्याला त्यांच्या अंगावरचे शेण जेवढे दिसते, तेवढी बोटांवरची शाई दिसत नाही. १८५४ साली, ऐन तेविशीत, ‘काव्यफुले’ प्रसिद्ध करणारी ही बाई कवयित्री होती, हे किती प्रेक्षकांच्या मनावर ठसले?

आणि फातिमाबी? १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई माहेराहून जोतीरावांपाशी फातिमाची काळजी करतात. ती कुरकुरणारी नव्हे, असेही सांगतात. फातिमाबींविषयी लेखी पुरावा थोडा आहे. म्हणून बनावट प्रसंग नकोत. ते पत्र लिहिणारा हात दाखवा, एवढेच मागणे.

पण आपणही काय करतो? ९ जानेवारीला फातिमाबींच्या फोटोपुढे भाषणे ठोकतो. अन् आमच्या उर्दू शाळेतल्या मुलीने स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिल्या, तर घरचे विचारतात, “याला मार्क किती?”