बोधचिन्हातला नकाशा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या बोधचिन्हावर लिहिणारे बहुधा ऑलिव्हच्या फांद्यांपाशीच थांबतात. शांततेचा हा संकेत ग्रीक परंपरेतून आलेला; त्यात उकलण्यासारखे फारसे उरलेले नाही. वाचायला हवा तो फांद्यांच्या कवेतला नकाशा.

१९४५च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेसाठी अमेरिकी वास्तुविशारद डोनाल मॅक्लॉक्लिन यांनी रेखाटलेल्या मूळ आकृतीत मध्यबिंदू उत्तर ध्रुवच होता; पण उत्तर अमेरिका मधोमध उभी होती (यजमानाने आपलीच खुर्ची मध्ये मांडावी तशी!). शिवाय नकाशा ४० अंश दक्षिण अक्षांशापाशी संपत असल्याने अर्जेंटिना आणि चिली यांची दक्षिण टोके छाटली गेली होती. ७ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने स्वीकारलेल्या चिन्हात नकाशा फिरवून ६० अंशांपर्यंत वाढवला गेला. मधल्या उभ्या रेषेवर आता मूळ रेखावृत्त आले. अर्थात तेही लंडनजवळच्या ग्रीनिचमधूनच जाते!

या प्रक्षेपणात ध्रुवापासून दूरचे भूभाग आडवे ताणले जातात, त्यामुळे दक्षिण गोलार्ध आजही विरूपच दिसतो. तरीही मी या चिन्हाला ढोंग म्हणणार नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना कुणावर तरी अन्याय होणारच. तो कमी करण्याची खटपट येथे वर्ष-दीड वर्षात झाली. सनदेने सुरक्षा परिषदेतील पाच कायम सदस्यांना दिलेल्या नकाराधिकाराच्या बाबतीत मात्र अशी खटपट अद्याप फळाला आलेली नाही.