‘जवळ’ म्हणजे किती जवळ?

सार्वजनिक जीवनात काही शब्द असे असतात की ते उच्चारताच विचार थांबतो आणि ऐकणाऱ्याची संमती गृहीत धरली जाते. ‘संवेदनशील स्थळ’ हा अलीकडे असाच एक शब्द झाला आहे. अमुक गड संवेदनशील, अमुक चौक संवेदनशील, अमुक रस्त्याने मिरवणूक जाते म्हणून तो रस्ता संवेदनशील. आणि म्हणून त्याच्या जवळ मशीद नको, दर्गा नको, कबर नको. पोलीस बंदोबस्ताच्या भाषेतील हा शब्द आता पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत स्थिरावला आहे. परंतु या मागणीतील खरा कळीचा शब्द ‘संवेदनशील’ हा नसून ‘जवळ’ हा आहे. जवळ म्हणजे नेमके किती जवळ, हे कोणीच सांगत नाही. गेल्या पंधरा वर्षांतील तीन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे ते न सांगण्याचे कारण ध्यानात येते.

पहिली घटना परदेशातील आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे दहशतवाद्यांनी पाडले आणि त्या शहरात २,७०० हून अधिक माणसे मारली गेली. २०१० साली त्या जागेपासून दोन गल्ल्यांवर, पार्क प्लेस या रस्त्यावरील एका खासगी मालकीच्या इमारतीच्या जागी तेरा मजली इस्लामी सांस्कृतिक केंद्र बांधण्याची योजना पुढे आली. त्यात सभागृह होते, पोहण्याचा तलाव होता आणि नमाजाची जागाही होती. विरोधकांनी त्याचे नाव ‘विध्वंसस्थळावरची मशीद’ असे ठेवले आणि तेच नाव जगभर गाजले, जरी ते केंद्र विध्वंसस्थळावर नव्हते आणि ती निव्वळ मशीदही नव्हती. स्थानिक नागरी मंडळाने योजनेला मोठ्या बहुमताने पाठिंबा दिला. जुनी इमारत ऐतिहासिक वास्तू ठरवून बांधकाम अडवावे, ही मागणी शहराच्या वास्तू आयोगाने ऑगस्ट २०१० मध्ये एकमताने फेटाळली. खासगी जागेवर कोणत्या धर्माचे प्रार्थनास्थळ व्हावे हे ठरविणे सरकारचे काम नाही, अशी स्पष्ट भूमिका महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी घेतली. कायद्याने हक्क शाबूत राहिला; पण वादाच्या धुराळ्यात ठरले होते तसे केंद्र उभे राहिले नाही. पुढे त्या जागी महागड्या सदनिकांच्या उंच इमारतीचे काम सुरू झाले. दोन गल्ल्यांवरची प्रार्थना ज्यांना खुपली, त्यांना दोन गल्ल्यांवरचा नफा खुपला नाही, एवढी नोंद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने करून ठेवणे भाग आहे.

त्या वेळी विरोध करणारे सर्वच द्वेष्टे होते असे नाही. ज्यांची मुले-माणसे त्या ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे होते की हक्क मान्य, परंतु आमच्या दुःखाचा मान राखून केंद्र थोडे दूर न्यावे. हे म्हणणे थट्टेने उडवून लावण्यासारखे नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. गुन्हा करणाऱ्या एकोणीस माणसांशी त्या शहरातील सर्व मुसलमानांचा काहीतरी संबंध आहे, असे मानल्याखेरीज ‘दूर जा’ ही विनंती संभवतच नाही. मृतांमध्ये मुसलमानही होते. त्यांच्या आप्तांनी प्रार्थनेसाठी कोठे जायचे होते? दुःखाचा आदर केलाच पाहिजे. पण दुःखाच्या नावाने निरपराध्याकडून दंड वसूल करता येत नाही.

दुसरी घटना आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी गजापूरच्या खिंडीत शत्रूला रोखून धरले, हा इतिहास मराठी मुलांना शाळेतच कळतो. त्या विशाळगडावर मलिक रेहान यांचा जुना दर्गा आहे आणि गड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. गडावर काळाच्या ओघात अतिक्रमणे वाढली, हे खरे आहे. त्यांत दोन्ही समाजांची बांधकामे होती आणि काही प्रकरणे न्यायालयात प्रलंबित होती. अतिक्रमण काढण्याची मागणी गैर नव्हती. परंतु १४ जुलै २०२४ रोजी ‘चलो विशाळगड’ची हाक देऊन जो जमाव जमला, त्यातील लोकांनी गडाच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे असलेल्या गजापुरातील मुसलमानवाडीवर हल्ला चढविला. मशिदीची नासधूस केली, घरांत शिरून संसार फोडले, वाहने मोडली. ही मशीद गडावर नव्हती. गडावरील अतिक्रमणाशी त्या वाडीतल्या बायामुलांचा काही संबंध नव्हता. त्यांचा दोष एवढाच की त्यांचे गाव गडाच्या वाटेवर होते. दोनच दिवसांनी खासदार शाहू छत्रपती यांनी गजापुरात जाऊन पीडितांची भेट घेतली आणि हिंसेचा निषेध केला, हे राजर्षी शाहूंच्या परंपरेला शोभणारे झाले. इकडे सरकारने मात्र दंगलीच्या दुसऱ्याच दिवशी गडावर पाडकाम सुरू केले. भर पावसाळ्यात ही घाई कशासाठी, असे खडसावून मुंबई उच्च न्यायालयाला १९ जुलैला ते थांबवावे लागले.

तिसरी घटना आपल्या दाराशी घडली. १७ मार्च २०२५ रोजी, तिथीनुसार येणाऱ्या शिवजयंतीच्या दिवशी, नागपूरच्या महाल भागात औरंगजेबाची कबर उखडून टाका या मागणीसाठी निदर्शने झाली आणि कबरीची प्रतिकृती जाळण्यात आली. प्रतिकृतीवरील हिरव्या चादरीवर धर्मवचने होती अशी अफवा उठली. संध्याकाळी दगडफेक, जाळपोळ झाली, पोलीस अधिकारी जखमी झाले, शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. रेल्वेस्थानकाकडे निघालेला एक कामगार मारहाणीत जबर जखमी झाला आणि २२ मार्चला मरण पावला. ज्या कबरीसाठी हे सारे घडले ती कोठे आहे? ती आहे खुलताबादला, नागपुरापासून रस्त्याने साडेचारशे किलोमीटरांहून दूर. १७०७ साली मेलेल्या बादशहाचा हिशेब महालातल्या आणि हंसापुरीतल्या हातावर पोट असणाऱ्यांनी चुकता केला.

आता या तीन घटनांतील अंतरे पाहा. न्यूयॉर्कमध्ये दोन गल्ल्या, विशाळगडाला तीन-चार किलोमीटर, नागपुरात साडेचारशे. दरवेळी ‘जवळ’चा अर्थ लांबत गेला. असे का व्हावे? कारण हे अंतर जागेपासून जागेपर्यंत मोजले जातच नाही. ते माणसापासून माणसापर्यंत मोजले जाते. ‘येथे नको’ असे म्हणणाऱ्याला ‘मग कोठे चालेल?’ असा प्रश्न विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, आणि मिळाले तरी पुढच्या वर्षी ते बदलते.

अंतराचे हे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. कोणाची सावली कोठवर पडावी, कोणी पाणवठ्यापासून किती हातांवर उभे राहावे, कोणी देवाच्या पायरीपासून किती दूर थांबावे, याची कोष्टके आपल्या समाजाने शतकानुशतके पाठ केली होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांनी जो लढा दिला, तो या कोष्टकाविरुद्ध होता. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेही याच कोष्टकाविरुद्ध. तेव्हाही सनातन्यांचा युक्तिवाद ‘भावना दुखावतात’ हाच होता. भावना दुखावत होत्या यात शंका नाही. परंतु त्या दुखावल्याखेरीज समतेचे पाऊल पुढे पडत नव्हते. समाजवादी चळवळीचा हा वारसा असेल, तर आज केवळ माणसांचा धर्म बदलला म्हणून आपला न्याय बदलता कामा नये.

याचा अर्थ असा नव्हे की कोणीही कोठेही प्रार्थनास्थळ उभारावे. संविधानाचे पंचविसावे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते, तेच कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालते. सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्येच दिला आहे. तो मशिदीला लागू आहे, तसा रस्त्याच्या कडेच्या मंदिरालाही लागू आहे. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नागपूर महानगरपालिकेने रस्त्यांवरील अनधिकृत धार्मिक बांधकामे काढण्यास आरंभ केला, तेव्हा त्याविरुद्ध आंदोलने झाली. गडावरील अतिक्रमणावर गर्जणारे आपल्या चौकातील अतिक्रमणापुढे हात जोडून उभे राहतात, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. कायदा सर्वांना सारखा असेल तर तो कायदा. एकालाच लागू केला तर ती शिक्षा. मार्च २०२५ च्या दंगलीनंतर महानगरपालिकेने एका आरोपीचे घर पाडले. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची घरे अशी पाडण्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये घालून दिलेले दंडक तिला आठवले नाहीत. नागपूर खंडपीठाने पाडकाम रोखले आणि आयुक्तांना न्यायालयापुढे माफी मागावी लागली.

दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. अफवेवर विसंबून दगड उचलणारा जमाव मुसलमानांचा असला म्हणून तो निष्पाप ठरत नाही. धर्मस्थळाभोवती दुकानांच्या रांगा वाढवून त्याला श्रद्धेचे कवच घालणारे विश्वस्त कोणत्याही समाजाचे असोत, त्यांची पाठराखण आपण करू नये. हमीद दलवाई यांनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, ते आपल्याच समाजातील जमातवादी नेतृत्वाला प्रश्न विचारण्यासाठी. ते प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत. परंतु भयाच्या छायेत सुधारकाचा आवाज प्रथम दबतो. बाहेरून दगड येऊ लागले की वस्ती मौलवीच्या मागे एकवटते. म्हणून ज्यांना मुसलमान समाजात सुधारणा हवी आहे, त्यांनी आधी त्याला निर्भय जगू दिले पाहिजे.

खापरखेडा परिसरातील आमच्या सहकाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १८६१ साली कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून राजे रघुजीराव भोसले यांनी आपल्या वाड्यात आणून ठेवले. बाबांचा पुढचा बराच काळ खापरखेड्याजवळच्या वाकी गावात एका पाटलाच्या आश्रयाने गेला. वाकीला आजही हिंदू-मुसलमान दोघेही जातात, आणि तेच लोक कोराडीच्या जगदंबेलाही जातात. या दोन ठिकाणांत अंतर किती आणि कोण कोणाच्या जवळ, हे मोजण्याची गरज येथील कष्टकऱ्याला वाटली नाही.

मोजायचेच असेल तर येथे मोजण्यासारखे दुसरे अंतर आहे. १,३४० मेगावॅटच्या खापरखेडा वीज केंद्राची आणि शेजारच्या कोराडी केंद्राची राख कोणत्या गावापासून किती अंतरावर साठते? जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत व नाल्यांत शिरला. तो गाळ कोणाचे शेत कोणत्या धर्माचे हे विचारत आला नाही. पण ते स्थळ ‘संवेदनशील’ म्हणून कोणी घोषित केले नाही, त्यासाठी कोणी ‘चलो खसाळा’ची हाक दिली नाही. जेथे जवळ असण्याने खरोखर फुप्फुसे खराब होतात आणि पिके बुडतात, तेथे जवळिकीबद्दल मौन. आणि जेथे शेजाऱ्याच्या प्रार्थनेने कोणाचे काहीच बिघडत नाही, तेथे जवळिकीबद्दल आक्रोश. हे मौन आणि हा आक्रोश यांचा लाभ ज्यांना होतो ते एकच आहेत, हे ओळखणे हेच राजकीय शिक्षण होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोठेही प्रार्थनास्थळाचा वाद निघाला की आधी कागद मागावेत: जागेचा सातबारा, बांधकामाची परवानगी, न्यायालयाचा आदेश. कागद चोख असतील तर त्या बांधकामाच्या बाजूने, मग ते कोणाचेही असो, उघडपणे उभे राहावे. कागद नसतील तर कारवाईची मागणी करावी, पण त्या भागातील सर्व धर्मांच्या अनधिकृत बांधकामांची यादी एकत्र ठेवून. पोलीस ठाण्यातील शांतता समितीत केवळ मौलवी, महंत आणि व्यापारी बसतात. तेथे कामगार संघटनांच्या, महिला मंडळांच्या प्रतिनिधींनी जागा मागून घ्यावी. वीज केंद्राच्या आणि कोळसा खाणींच्या वसाहतींत ज्या दिवशी अफवा येईल, त्या दिवशी तिला पहिले उत्तर पाळीवरून सुटलेल्या कामगाराने द्यावे, कारण शेजारी कोण राहतो हे त्यालाच ठाऊक असते. आणि गजापूरसारखे काही घडले तर निषेधाचे पत्रक काढून न थांबता, पीडितांना नुकसानभरपाई मिळेपर्यंत आणि खटला उभा राहीपर्यंत पाठपुरावा करावा. हे काम संथ आहे, त्यात प्रसिद्धी नाही. पण चळवळीचे बळ अशाच कामातून वाढते.