प्रवासाची आखणी व पाऊणकी

आमचे धाकटे पुतणे इंग्लंडात नोकरीनिमित्त राहतात. गेल्या पंधरवड्यात त्यांनी दूरध्वनीवरून कळविले की, येत्या सुटीत सहकुटुंब मोटारीने बेल्जमात जाण्याचा बेत आहे, आणि त्या बेताची आखणी करता करता डोके दुखू लागले आहे. वास्तविक नकाशावर पाहिले असता हे अंतर ते काय! मध्ये एक चिंचोळा समुद्र. तो ओलांडण्यास दोन वाटा. डोव्हर बंदरातून मोटारीसकट बोटीत बसावे, म्हणजे सुमारे दीड तासात फ्रान्समधील कॅले येते. अथवा फोकस्टन येथे मोटारीसह आगगाडीत शिरावे, आणि समुद्राच्या तळाखालून 1994 साली सुरू झालेल्या बोगद्यातून पस्तीस मिनिटांत पलीकडे निघावे. पुढे किनाऱ्याच्या अंगाने गेले की बेल्जम.

परंतु खरी अडचण पाण्याची नसून कागदांची आहे. पुतण्याचे व सूनबाईंचे पारपत्र हिंदुस्थानचे. इंग्लंडात इतकी वर्षे राहूनही त्यांस पलीकडे जाण्यास निराळा परवाना लागतो. मुलगी मात्र तेथील नागरिक असल्यामुळे तिला अशा लहानशा सुटीकरिता तो लागत नाही. एकाच मोटारीतील एकाच कुटुंबात असा भेद! शिवाय पलीकडे उतरताच डावी बाजू सोडून उजव्या बाजूने मोटार हाकावयाची, घड्याळ एक तास पुढे करावयाचे, मोटारीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारे अंगरखे ठेवावयाचे. ब्रुसेल्स, अँटवर्प व गेंट ह्या शहरांत धुराचे निर्बंध असल्यामुळे परदेशची मोटार आगाऊ नोंदवून ठेवावी लागते. आमच्या कुटुंबाने ह्या यादीत आपल्याकडून एक भर घातली. बेल्जमातील बटाट्याच्या तळलेल्या फोडी जगप्रसिद्ध आहेत खऱ्या. पण जुन्या पद्धतीप्रमाणे त्या गोमांसाच्या चरबीत तळतात. तेव्हा दुकानदारास तेल कोणते हे विचारल्यावाचून त्या तोंडात घालू नयेत. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत त्यांनी ही गोष्ट अवश्य कळवावी.

पुतण्यास आम्ही एवढेच सुचविले की, वाटेत ईप्र हे गाव येते, तेथे मेनिन दरवाजा नावाची कमान आहे, ती मुलीस दाखवावी. पहिल्या महायुद्धात त्या प्रदेशात पडलेल्या व ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावे तीवर कोरली आहेत, आणि त्यांत आपल्या देशातील शिपायांचीही आहेत. दररोज रात्री आठ वाजता तेथे बिगूल वाजवितात.

असो. हा सारा वृत्तांत मातोश्री आरामखुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांचे वय सत्त्याऐंशी. दूरध्वनी ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “त्यांचा समुद्र एक. तुझे पाणी पाच. तू कधी आखणार?”

ह्या प्रश्नाचा अर्थ घरातील सर्वांस ठाऊक होता. आमचे कुलदैवत गुहागरचे श्रीव्याडेश्वर. 2009 साली तीर्थरूपांस, त्यांच्या ब्याऐंशीव्या वर्षी, दर्शनास नेण्याचे आम्ही ठरविले. आखणी आमची. शाळेचे वेळापत्रक पस्तीस वर्षे बसविलेल्या मनुष्यास एका प्रवासाचे वेळापत्रक काय जड, अशी आमची घमेंड होती! घरून निघावयास दोन तास उशीर झाला, माणगावास जेवणात एक तास गेला, आणि एका खाडीच्या धक्क्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा दिवसाची शेवटची फेरीबोट पलीकडच्या तीरावर दिवे लावून उभी होती. शेवटची बोट केव्हा सुटते हे आम्ही कोणासही विचारले नव्हते. रात्रीच्या रात्री मोटार मागे फिरवून चिपळूणच्या वाटेस लागलो. त्या हेलकाव्यांनी तीर्थरूपांची प्रकृती बिघडली, आणि सकाळी चिपळुणाहूनच परत यावे लागले. पुढल्या वर्षी पुन्हा जाऊ, असे त्यांस सांगितले. पुढले वर्ष त्यांनी पाहिले नाही. मातोश्री त्या मोटारीत मागे बसल्या होत्या. त्यांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढला नाही, हेच आम्हांस अधिक लागते.

तेव्हा ह्या खेपेस पाट्यावर बसून कागद पुढे घेतला. वसईहून गुहागरास जाण्याचे मार्ग दोन. एक घोडबंदर, ठाणे, पनवेल, पेण, महाड, खेड, चिपळूण असा महामार्गाचा. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. कशेडीच्या डोंगरास बोगदा पडल्यामुळे पूर्वीची वळणे चुकतात. चिरंजीवांचे म्हणणे, एका दमात नेतो. परंतु मातोश्रींचे गुडघे दोन तासांपलीकडे बसू देत नाहीत, हे चिरंजीवांच्या मोटारीस ठाऊक नाही.

दुसरा मार्ग किनाऱ्याचा, आणि मातोश्रींची पाच पाणी ती हीच. पहिले आमच्या दाराशीच. वसईच्या किल्ल्यापाशी उभे राहिले की समोर भाईंदर दिसते. पण मोटारीने जावयाचे तर महामार्गाच्या पुलावरून तीस किलोमीटरांहून अधिक वळसा. 1739 साली चिमाजीअप्पांनी हा किल्ला फिरंग्यांकडून घेतला, त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मोटारीसकट ही खाडी ओलांडण्याची सोय आम्हांस फेब्रुवारी 2024 मध्ये मिळाली. विरारकरांस तर नारंगीहून पलीकडे सफाळ्याच्या बाजूस जाणारी तशीच बोट 2025 साली लाभली. दुसरे पाणी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत. ही मोठी बोट मार्च 2020 पासून चालते, तास सव्वा तास लागतो, आणि जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. तिसरे आगरदांड्याहून दिघीस, राजपुरीच्या खाडीवर. चौथे बागमांडल्याहून वेशवीस, सावित्रीच्या मुखाशी. पाचवे दाभोळहून धोपाव्यास, वाशिष्ठीवर. येथील बोट 2003 पासूनची. धोपावे आले की गुहागर आलेच म्हणावयाचे.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, पाच वेळा मोटार चढवायची नि उतरवायची?” सूनबाई मात्र मातोश्रींच्या पक्षास मिळाल्या. त्यांचा मुद्दा बिनतोड होता : दर पाण्यावर मोटार थांबते, आजींना उतरता येते, पाय मोकळे होतात, वारा लागतो. महामार्गावर मनुष्य मोटारीच्या सोयीने थांबतो. येथे मोटारीसच माणसाबरोबर थांबावे लागते.

आता धक्क्यांची गोष्ट. फेरीबोटीवर मोटार उतरत्या दगडी वा सिमेंटच्या चढणीवरून जाते. ओहोटीस पाणी खाली गेले की उतार लांबतो, शेवाळही उघडे पडते. म्हाताऱ्या माणसास तेथून चालविणे धोक्याचे. भरतीस तोच मार्ग चार पावलांचा होतो. म्हणून भरतीची वेळ साधणे आले. त्याकरिता आजची मुले दूरध्वनीत पाहतात. आम्हांस आमच्या पंतोजींनी घोकून घेतलेली पाऊणकी आठवली. कोकणच्या किनाऱ्यावरील जुना हिशेब असा की, जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीस तीन वाजता. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीस सहा वाजता. थोडा फरक पडतो, पण माणूस फसत नाही.

ह्या हिशेबाने आम्ही एकादशीचा दिवस काढला, सव्वाआठास भरती. मातोश्री प्रसन्न झाल्या, कारण उपवास म्हणजे वाटेत खाण्याची यातायात नाही. सूनबाईंनी औषधांची डबी पुढे ठेवली आणि रिकाम्या पोटी ह्यांतील तीन गोळ्या चालत नाहीत असे सांगितले. एकादशी रद्द. मग द्वादशी धरली : मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, घरी पारणे करून नऊच्या भरतीस वसईची बोट, दुपारी भाऊच्या धक्क्याहून मांडवा, रात्री अलिबाग. त्रयोदशीस पावणेदहाची भरती. आठास निघाले की दहाच्या सुमारास आगरदांडा, पुढे दिघी, श्रीवर्धन, मुक्काम हरिहरेश्वर. चतुर्दशीस साडेदहाची भरती, आणि बागमांडले तर हरिहरेश्वराच्या कुशीतच. पलीकडे वेशवी, मुक्काम दापोली. पौर्णिमेस सव्वाअकराची भरती, दाभोळ, धोपावे, आणि मध्यान्हीच्या आत देवाच्या पायरीशी! दिवसागणिक भरती पाऊण तासाने पुढे सरकते आणि तितकाच उशीर आम्हांस रोज पाहिजे होता. हा मेळ पाहून आम्ही उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यापाशी धक्क्यावर जाऊन तेथील एका खलाशास हा कागद दाखविला. तो हसला. “मास्तर, बोट ओहोटीलाबी जाते. पण तिथीचं बरोबर हाय, माझा आजा असंच मोजायचा.” आम्ही त्यास शेवटच्या फेरीची वेळ विचारली. मग उरलेल्या चारही ठिकाणची वेळ दूरध्वनीने विचारून कागदावर तांबड्या शाईने लिहिली, आणि प्रत्येकीपुढे लिहिले की, निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे. चारही दिवसांत कोठेही शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवलेली नाही. प्रत्येक पाण्यावर आपण चुकलो तरी मागून किमान दोन फेऱ्या राहाव्यात, एवढा एकच नियम आम्ही ह्या आखणीस लावला आहे. मातोश्रींना एखाद्या दिवशी बरे वाटले नाही तर जेथे असू तेथेच एक दिवस राहावयाचे; भरतीचा हिशेब बिघडला तर बिघडो.

सामानाची यादी सूनबाईंकडे आहे : उतरताना पायाखाली घेण्यास पाट, शाल, गरम पेजेची बाटली, आल्याच्या वड्या. दक्षिणेस जावयाचे असल्यामुळे गुरुवारी दिक्शूळ. द्वादशीस गुरुवार नाही, हे मातोश्रींनी स्वतः पंचांगात पाहिले. चिरंजीवांस ह्यावर काही म्हणावयाचे होते, ते त्यांच्या मातोश्रींच्या दृष्टीने जागीच विरले.

पुतण्याचा परवाना अद्याप हाती आलेला नाही असे कालच कळले. इकडे, हे लिहीत असताना, आमच्या मातोश्री हळूहळू काठी टेकीत शेजारच्या वहिनींकडे गेल्या आहेत. एका लहान पिशवीत त्यांचे धाबळीचे पातळ, चांदीची वाटी आणि तीर्थरूपांची जपमाळ आहे. मुहूर्तावर प्रस्थान ठेवून आल्या म्हणजे चहा घेईन, असे सांगून गेल्या आहेत.