मामाचं साचेखातं आणि नातीची पार्टी

परवा नातीने मोबाइलवर फोटो पाठवला. मुंबईला लोअर परळमध्ये ऑफिसची पार्टी होती म्हणे. उघड्या विटांची भिंत, वर लोखंडी तुळया, मंद दिवे, हातात ग्लास. खाली लिहिलं होतं, "आजोबा, काय मस्त जागा आहे! जुनी मिल आहे ही!"

मंडळी, फोटो बघून मला माझा थोरला मामा आठवला. परळच्याच एका गिरणीत तो साचेखात्यात होता. साच्यांच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे घरीसुद्धा ओरडूनच बोलायचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात मामाही. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मामा वर्षभर गावी बसला, मग भोसरीत येऊन रखवालदारी केली. साचे चालवणारा माणूस दुसऱ्याचं गेट राखत बसला!

आता काही जण म्हणतील, "सर, तुम्हाला दारूचा राग आहे." नाही हो. मी पीत नाही, पण पिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. आणखी एक युक्तिवाद असतो : इमारत पाडण्यापेक्षा वापरात राहिलेली काय वाईट? हे मलाही पटतं. वास्तूचा उपयोग काळाप्रमाणे बदलायचाच. आमच्या चिंचवडचा चापेकर वाडा बघा. एका कुटुंबाचं राहतं घर होतं, आज स्मारक आहे. उपयोग बदलला, पण तिथे कोण राहत होतं हे शाळेतलं पोरही सांगेल.

माझं भांडण वेगळं आहे. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, ज्यावर बांधकाम होतं ती वगळली. म्हणजे भाकरीचे तीन तुकडे करायचे ठरवून आधी भाकरीच मालकाच्या ताटात वाढली, आणि कडेला पडलेल्या चुऱ्याची वाटणी केली! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारांच्या आत घरं निघाली. अर्जदारांपैकी कितीतरी जण वाट बघतच गेले. आमचा मामाही त्यातलाच.

आणि ज्यांच्या हाती जागा आली त्यांनी ती नीट सांभाळली का? २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातल्या पबना आग लागली आणि १४ जीव गेले. बहुतेक जण धुराने गुदमरले. वाढदिवस साजरा करायला आलेली पोरं होती हो ती! गिरणी असताना तिथे कामगाराच्या जिवाची किंमत नव्हती, आणि पब झाल्यावर गिऱ्हाइकाचीही राहिली नाही. मग बदललं काय? फक्त भाडं!

हे मुंबईचं झालं म्हणून आपण पिंपरी-चिंचवडकरांनी हातावर हात ठेवून बसू नये. आपल्याकडेही जुन्या कंपन्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेच आहेत. आज चाकणला नव्या दिसणाऱ्या शेडही उद्या जुन्या होतील. तेव्हा आपल्या नातवंडांच्या वाट्याला काय येणार? बाग, शाळा, घर, की नुसती विटांची शोभिवंत भिंत?

नातीला मी उत्तर लिहिलं : "बाळा, मजा कर. पण बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते आधी बघून ठेव. आणि तिथल्या कुणाला तरी विचार, की या भिंतीआड पूर्वी कोण राबत होतं."

तिचं उत्तर आलं, "आजोबा, इथे कुणालाच माहीत नाही."

असो. म्हणूनच हे लिहिलं.