आधी आपल्या फाटकाचं कुलूप काढू



आपल्या सदरात मैदानांबद्दलची पत्रं नेहमी येतात. खेळाची जागा प्रदर्शनाला दिली, सभेला दिली, मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे तसेच राहिले. तक्रार खरी आहे, मीही अशी दोन पत्रं लिहिली आहेत. पण आज एक कबुली द्यायची आहे.

आमच्या मंडळीच्या आवारात, चर्चच्या मागे, व्हॉलीबॉलची दोन कोर्टं मावतील एवढी मोकळी जागा आहे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे गल्लीतली सगळी पोरं खेळायची. त्यातलं संडे स्कूलचं कोण आणि शेजारच्या चाळीतलं कोण, हे कळायचंही नाही. मग मागच्या खिडकीच्या दोन काचा फुटल्या. कमिटीची बैठक बसली, फाटकाला कुलूप लावायचं ठरलं, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

आता तिथे लग्नाच्या दिवशी गाड्या लागतात, एरवी गवत. पोरं रस्त्यावर विटांचे स्टंप मांडून खेळतात आणि हॉर्न वाजला की विटा उचलून बाजूला होतात. परवा बॉल आत गेला म्हणून एक पोरगा भिंतीवरून उतरला, वॉचमननं त्याला दंडाला धरून आणलं. तो आमच्याच संडे स्कूलचा निघाला. मला फार लाज वाटली. दुसऱ्या कोणाचा पोरगा असता तर एवढी वाटली नसती, हे घरी आल्यावर लक्षात आलं आणि त्याची जास्त वाटली.

बेळगावला खेळाचं वेड आजचं नाही. छावणीचं गाव आपलं. १८५६ साली सुरू झालेल्या सेंट पॉल्स शाळेचा फुटबॉल कोणाला सांगायला नको. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक आणणाऱ्या हॉकी संघात आपले बंडू पाटील होते. आणि ख्रिस्ती लोकांनी तर मैदानाला कुलूप लावूच नये! बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलीबॉल (१८९५) हे दोन्ही खेळ अमेरिकेतल्या वायएमसीएच्या शिक्षकांनी काढले. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० साली वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

आमच्यातले एक वडीलधारे विचारतात, "कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची?" प्रश्न बरोबर आहे. पण रस्त्यावर लागलं तर कुणाची, हे कुणी विचारत नाही. काचांना तारेची जाळी बसवता येईल. रोज साडेचार ते साडेसहा फाटक उघडावं, कमिटीतल्या एकेकानं वार वाटून घेऊन तिथे खुर्ची टाकून बसावं, मलमपट्टीची पेटी जवळ ठेवावी. आठवड्यातले दोन दिवस मुलींचे, नाहीतर त्या नुसत्या कडेला उभ्या राहतात. नेटला आणि दोन खांबांना फार पैसे लागत नाहीत, नाताळच्या वर्गणीतून होईल. मात्र "फक्त आपल्याच मुलांसाठी" अशी पाटी नको. तसं करायचं असेल तर कुलूपच बरं.

पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आहे, ते हसले, नाही म्हणाले नाहीत. सोमवारचा वार माझा.

— मंडळीचा एक सभासद, बेळगाव