मोरीला बोळा, दरवाजा मोकळा!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, गरिबास काटकसर शिकविण्याचा धंदा हल्ली फार तेजीत आहे. जो उठतो तो आम्हांस सांगतो, "चहा सोडा, पान सोडा, म्हणजे संसार सावरेल." वाहवा रे उपदेशक! दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्याने किंवा कोल्हापुरी चपलेचा तळ शिवणाऱ्याने दोन कप चहा घेतला, तर तो यांच्या डोळ्यांत खुपतो. ठीक आहे, हिशेबच मांडू.

दोन कपांचे दहा-दहा रुपयांप्रमाणे रोजचे 20, म्हणजे वर्षाचे 7,300 रुपये. आता दुसरा आकडा घ्या. मुलीच्या लग्नासाठी खासगी सावकाराकडून 2 लाख काढले, दर शेकडा 3, तोही दरमहा. महिन्यास 6,000 आणि वर्षास 72,000 रुपये नुसते व्याज! मुद्दल जागच्या जागी. एका वर्षाच्या व्याजात जवळजवळ दहा वर्षांचा चहा गेला. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात तो हाच.

जोतिरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरास भटजीवाचून पहिले लग्न लावून दाखविले. जन्मापासून मरणापर्यंत विधींच्या नावाने कुणब्याचा खिसा कसा रिकामा होतो, हे त्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून उघडे केले. आमच्या करवीरात 1911 साली समाजाची शाखा निघाली. 1920 साली शाहू छत्रपतींनी मराठा मुलांस पौरोहित्य शिकविण्याकरिता शाळा काढली. हा खटाटोप कशासाठी होता? आमची मान आणि आमचा पैसा दुसऱ्याच्या हाती राहू नये म्हणून.

आणि आम्ही काय केले? भटजीच्या दक्षिणेवर तावातावाने बोललो, आणि मंगल कार्यालय, डीजे, ड्रोनचा कॅमेरा, लग्नाआधीची छायाचित्रे आणि मानपानाच्या साड्या यांपुढे मुकाट्याने हात जोडले. जुना पुरोहित पंचांग दाखवून घेत असे, नवा दरपत्रक दाखवून घेतो. पुढाऱ्याने येऊन हार घातला की आमची छाती फुगते. पण हप्त्याच्या दिवशी तो पुढारी आमच्या दारी येतो काय?

कोणी विचारील, लग्नानेच शेतकरी बुडतो काय? नाही, आम्ही तसे म्हणत नाही. 1875 साली सुप्यास सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी कमिशननेच सांगितले की, लग्नखर्चास वाजवीहून अधिक दोष दिला जातो. पोटासाठी, बियांसाठी, बैलांसाठी, साऱ्यासाठी वारंवार काढलेली लहान कर्जेच ऋण अधिक फुगवितात. म्हणून आमचा रोख वाजंत्र्यावर नाही, व्याजावर आहे. गाठीस पैसा असेल तर खुशाल पंगती उठवा. ऋण काढून सण मात्र नको! सोसायटीचे पीककर्ज हळदीच्या जेवणात घालणारा तर दुहेरी बुडतो. पिकास खत मिळत नाही आणि वेळेवर फेड न झाल्याने व्याजाची सवलतही जाते.

माय-बहिणींनो, तुमच्या सहीवर गटाचे कर्ज निघते. एका गटाचा हप्ता भागविण्यास दुसऱ्या गटाचे कर्ज, त्यास तिसऱ्याचे, असा हा चरक फिरू लागला की उसाचा चोथा व्हावा तसा संसाराचा चोथा होतो. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: वर्षाचा दर किती?

कायदाही ठाऊक असू द्या. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारांस दर ठरवून दिले, ते असे: शेतकऱ्यास तारणावर दसादशे 9, विनातारण 12, इतरांस 15 आणि 18. दरमहा शेकडा 3 म्हणजे दसादशे 36! मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यासही या कायद्याने बंदी आहे. परवाना नसता सावकारी करणे हा तर गुन्हाच. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावी. भिऊन गप्प बसल्याने व्याज थांबत नाही.

मग करावे काय? घरात एक वही ठेवा. ती घरधनिणीच्या हाती द्या, कारण पैसा कोठे जातो हे तीच जाणते. मुलगी शाळेत जाऊ लागली की पोस्टात आवर्ती ठेव काढा. दरमहा 2,000 टाकले तर पाच वर्षांत 1,20,000 रुपये आणि वर व्याज, तेही आपल्यास मिळणारे. एवढे झेपत नसेल तर 100 रुपयांपासून आरंभ करा. लग्न सत्यशोधक पद्धतीने दारच्या मांडवात लावा आणि त्याची नोंदणी करा. भावकीत पहिले साधे लग्न ज्याच्या घरी होईल त्यास लोक चार दिवस हसतील. हसोत! त्यांतला एकही जण तुमचा हप्ता भरणार नाही.

चहा मात्र खुशाल घ्या. दोन घोट पोटात गेल्यावर वही उघडा आणि दरवाजा कोठे उघडा राहिला आहे ते पाहा.